कॅटलॉग फाईल बिनतक्रार वाचली जाते, तरी वर्णरेषा सापडत नाही: कुठे काय तपासायचं

रेडिओ दुर्बिणीला कुठल्या स्रोताकडे वळायचं आणि कुठली वर्णरेषा (ठरावीक वारंवारितेला उठणारा संकेत) शोधायची हे सांगणारी कॅटलॉग फाईल लोड होते. पडद्यावर एकही एरर नाही. डिश वळते, रिसीव्हर चालतो, डेटा साठतो, आणि आलेखावर सपाट रेष. किंवा त्याहून वाईट म्हणजे रेषा दिसते, पण भलत्याच वेगावर (रेषा मूळ वारंवारितेपासून किती सरकली ते किमी/से. वेगात मोजतात). पावसाळा सरला, गच्चीवरच्या अँटेनांची प्लास्टिकं निघाली, की गोव्यातल्या आमच्या हौशी आणि कॉलेजच्या मंडळींची हीच तक्रार दरवर्षी नव्याने सुरू होते. संशय आधी रिसीव्हरवर जातो, मग केबलवर, मग मोटरवर. फाईल मात्र ‘ती तर वाचली गेली ना’ म्हणून सुटते.

एरर देणारी फाईल परवडते, ती निदान थांबवते तरी. या लेखात फक्त त्या चुका आहेत ज्या गुपचूप पार होतात. शिवाय छोटी अँटेना या चुका लपवते. दोन-अडीच फुटी हॉर्नचा (कर्ण्यासारख्या अँटेनाचा) बीम, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, हायड्रोजन रेषेच्या २१ सेंटीमीटर तरंगलांबीला वीसेक अंशांचा असतो, ३ मीटरच्या डिशचा पाचेक अंशांचा. स्रोताची जागा पाऊण अंशाने चुकली तरी तिथे कुणाला पत्ता लागत नाही. तीच ‘चाललेली’ फाईल कुणीतरी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मोठ्या दुर्बिणीच्या प्रस्तावाला जोडतं. पुण्याजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, आणि त्यातल्या एकेका डिशचा बीम याच तरंगलांबीला सुमारे २४ आर्कमिनिटांचा (अंशाचे ६० आर्कमिनिटं, आर्कमिनिटाचे ६० आर्कसेकंद). तिथे पाऊण अंश म्हणजे स्रोत पार बाहेर.

(पुढे फाईलमधल्या ओळी वाचायला बऱ्या म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये अक्षरं आणि आकडे रोमनच हवेत. का, ते ओघात येईलच.)

आधी चूक कुठे-कुठे होतेय ते बघा

फाईल उघडण्याआधी निकाल शेजारी-शेजारी ठेवा. सगळ्या स्रोतांची रेषा सारख्याच वेगाने सरकली असेल तर स्रोतांच्या फाईलला हातही लावू नका, दोष वर्णरेषांच्या फाईलमध्ये किंवा रिसीव्हरच्या लोकल ऑसिलेटरमध्ये (आधाराची वारंवारिता पुरवणाऱ्या भागात) आहे. सरकणं ऋतूप्रमाणे बदलत असेल तर वेगाची चौकट (वेग कशाच्या तुलनेत मोजला ते) चुकली आहे. लांबच्या दीर्घिकांमध्ये जास्त आणि जवळच्यांत नगण्य असेल तर वेगाची व्याख्या. फक्त दक्षिणेकडचे स्रोत हरवत असतील तर उणे चिन्ह. विषुववृत्तालगतचे एक-दोनच हरवत असतील तरीही उणे चिन्हच, पण वेगळ्या तऱ्हेने. फाईलमधली पहिलीच ओळ गायब असेल किंवा शेवटचा स्तंभच नीट वाचला जात नसेल, तर खगोलशास्त्र बाजूला ठेवून फाईलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बघा.

एवढ्यावर निम्म्याहून अधिक प्रकरणं मिटतात. उरलेल्यांसाठी पुढचं.

एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली का?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो आणि उत्तर बहुधा ‘फक्त बघायला उघडली होती’ असं येतं. क्रॅब नेब्युलाचं, म्हणजे टॉरस ए-चं विषुवांश (आकाशातला पूर्व-पश्चिम निर्देशांक, तास-मिनिटं-सेकंदांत) ०५:३४:३१.९७ आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणारी) फाईल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली की एक्सेल याला घड्याळातली वेळ समजतो आणि दाखवताना मिनिटं-सेकंद एवढंच दाखवतो: ३४:३२.०. सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फाईलमध्ये जे दिसतं तेच लिहिलं जातं. तास गेले, सेकंदांचे शतांश गेले. आता वाचणारा प्रोग्राम ३४ तास म्हणून ओरडला तर नशीब. काही प्रोग्राम ३६० अंशांचा फेरा मारून निमूटपणे कुठलीतरी वैध जागा काढतात.

दुसरा फटका अमोनियाच्या रेषांना. २३६९४.४९५५ मेगाहर्ट्झच्या रेषेचं नाव ‘अमोनिया(१,१)’ असं लिहायची रीत आहे. त्यातल्या स्वल्पविरामावर सीएसव्ही दुभंगते आणि पुढचे सगळे स्तंभ एक घर सरकतात. नाव अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर सरळ ‘अमोनिया_११’ लिहा. मला दुसरं बरं वाटतं. अवतरणचिन्हं कुणीतरी कधीतरी काढतंच.

मूळ फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच ठेवा. एक्सेल हवंच असेल तर ‘डेटा’मधून आयात करा आणि प्रत्येक स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून निवडा.

नावातली मोकळी जागा

मोकळ्या जागांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या फाईलमध्ये ‘कॅस ए’ (कॅसिओपिया ए) असं लिहिलं तर ‘ए’ हे विषुवांश म्हणून वाचायचा प्रयत्न होतो आणि एरर येते. ठीक. पण ही ओळ बघा:

३सी २८६ १३:३१:०८.२९ +३०:३०:३३.०

इथे नाव झालं ‘३सी’, विषुवांश झालं २८६, क्रांती (उत्तर-दक्षिण निर्देशांक) झाली १३:३१:०८.२९. अंशांतलं विषुवांश चालवून घेणाऱ्या प्रोग्रामला यात वावगं काहीच दिसत नाही. २८६ अंश म्हणजे १९ तास ४ मिनिटं, आकाशात तशी जागा आहेच. डिश तिकडे वळते. ३सी ४८, ३सी १४७, एम ८७ यांची हीच तऱ्हा. यातले तिन्ही ३सी स्रोत अंशांकनासाठी (मोजमापाची पट्टी ठरवायला) वापरतात, म्हणजे त्यांची जागा चुकली की पुढचं सगळंच मोजमाप गेलं. नावात जागा नको, अंडरस्कोर घाला किंवा सलग लिहा. आणि एकच नाव दोन ओळींत येऊ देऊ नका. काही प्रोग्राम पहिली ओळ धरतात, काही शेवटची.

उणे चिन्हाचे तीन घोळ

पहिला घोळ दिसायला सोपा. पीडीएफ किंवा वर्डमधून निर्देशांक चिकटवले की उणे चिन्हाच्या जागी छापील लांब डॅश येतो. डोळ्यांना फरक कळत नाही, प्रोग्रामला कळतो. कडक प्रोग्राम एरर देईल, सैल प्रोग्राम ते अनोळखी चिन्ह गाळून आकडा अधिक म्हणून घेईल. मग आकाशगंगेच्या केंद्रातला सेजिटेरियस ए* उणे २९ ऐवजी अधिक २९ अंशांवर जातो. गोव्याचा अक्षांश साधारण साडेपंधरा. म्हणजे स्रोत मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना डिश दक्षिणेला साडेपंचेचाळीस अंश उंचीवर असायला हवी, ती उत्तरेला साडेशहात्तरवर असते. गच्चीवर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी कळावं असा हा फरक, पण त्या वेळी सगळे लॅपटॉपकडे बघत असतात.

हाच घोळ वेगाच्या स्तंभातही होतो. देवयानी दीर्घिका आपल्याकडे सुमारे ३०० किमी/से. वेगाने येते, म्हणून तिची हायड्रोजन रेषा १४२१.८३ मेगाहर्ट्झच्या आसपास पसरलेली असते. उणे गळलं की केंद्र १४१८.९८ वर बसतं. स्वस्तातल्या आरटीएल-एसडीआर डोंगलची (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरची) पट्टी २.४ मेगाहर्ट्झच्या घरात. देवयानी त्या पट्टीत येत नाही, आणि आपल्याच आकाशगंगेचा १४२०.४ चा हायड्रोजनही येत नाही. एकदम कोरा आलेख. अशा वेळी लोक ॲम्प्लिफायर बदलतात.

दुसरा घोळ उणे शून्याचा. एनजीसी १०६८ या दीर्घिकेची क्रांती -००:००:४८ आहे. प्रोग्राम अंश, मिनिटं, सेकंद वेगळे करतो, अंशांचा पूर्णांक काढतो, तो शून्य येतो, आणि ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ या तपासणीत चिन्ह हरवतं. स्रोत दक्षिणेऐवजी उत्तरेला. इथे फरक ९६ आर्कसेकंदांचाच, पण -००:४०:०० असेल तर तोच दोष ८० आर्कमिनिटांचा होतो. चिन्ह नेहमी मजकुरातून घ्यायचं, आकड्यातून नाही.

तिसरा घोळ जास्त खट्याळ. अंश उणे आहेत, पण मिनिटं-सेकंद अधिक म्हणून मिळवले जातात: उणे पाच अधिक तेवीस मिनिटं. ओरायन ए-ची क्रांती -०५:२३:२८, ती अशाने -४.६१ होते, हवी -५.३९. पाऊण अंशाहून जास्त चूक. यासाठी चाचणी म्हणून सगळे सेजिटेरियस ए* घेतात आणि फसतात, कारण त्याची २००० सालची क्रांती -२९:००:२८. मिनिटं शून्य असल्याने चूक जेमतेम ५६ आर्कसेकंदांची निघते आणि सगळं ठाकठीक वाटतं. चाचणीला ओरायन ए आणि एनजीसी १०६८ ही जोडी ठेवा, शिवाय उत्तरेचा एखादा, कॅस ए चालेल.

१९५० की २०००

जुन्या पुस्तकांतून उचललेल्या याद्यांत निर्देशांक बी१९५० चे, म्हणजे १९५० साल आधार धरून काढलेले असतात (आता २००० सालचे, म्हणजे जे२०००, वापरतात). संपातचलन (पृथ्वीचा अक्ष डुलत असल्याने निर्देशांकांचं सरकणं) वर्षाला सुमारे ५०.३ आर्कसेकंद, म्हणजे पन्नास वर्षांत क्रांतिवृत्तावर ४२ आर्कमिनिटं. सेजिटेरियस ए* १९५० च्या पद्धतीत १७:४२:२९ वर, २००० च्या पद्धतीत १७:४५:४० वर. वर म्हटलेला पाऊण अंश बहुतेक वेळा इथूनच येतो.

नाव बघून ओळखता येतं: १३२८+३०७ आणि जे१३३१+३०३० हे दोन्ही ३सी२८६ च आहेत, पहिलं १९५० चं नाव, दुसरं २००० चं. नाव १३२८ ने सुरू होतं आणि शेजारच्या स्तंभात विषुवांश १३:२८ दिसतं, पण शीर्षकात मात्र जे२००० लिहिलंय, अशी फाईल हातात आली तर पूर्ण यादीच संशयित धरा. उलटा प्रकारही होतो. कुणीतरी उत्साहाने आजच्या तारखेचे निर्देशांक काढून भरतं, दुर्बिणीचा प्रोग्राम त्यांना २००० चे समजून पुन्हा संपातचलन लावतो. पंचवीस वर्षांचे २१ आर्कमिनिटं दुप्पट मोजले जातात.

अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या १०० मीटर दुर्बिणीची कॅटलॉग-पद्धत याबाबत मला आवडते. निर्देशांकांची पद्धत, वेगाची व्याख्या आणि स्तंभांची नावं ही फाईलच्या डोक्यावरच लिहायची सोय आहे. आपला प्रोग्राम घरगुती असला तरी हे उचलायला हरकत नाही. ‘आम्ही नेहमी जे२००० च वापरतो’ हे फाईलमध्ये लिहिलेलं नसेल तर पुढच्या बॅचला ते कळणार कुठून?

वर्णरेषांची फाईल

ही फाईल लहान असते म्हणून कुणी तपासत नाही. हायड्रोजन १४२०.४०५७५१७७, हायड्रॉक्सिलच्या चार रेषा १६१२.२३१०, १६६५.४०१८, १६६७.३५९० आणि १७२०.५३००, मिथेनॉल ६६६८.५१९२, पाणी २२२३५.०८, कार्बन मोनॉक्साइड ११५२७१.२०१८, सगळे मेगाहर्ट्झमध्ये. दहा-बारा ओळी, संपलं. पण एकक लिहिलंय का? एका यादीतून गिगाहर्ट्झ, दुसरीतून मेगाहर्ट्झ असे आकडे एकाच स्तंभात आलेले मी पुष्कळदा पाहिलेत. हा प्रकार निदान लवकर उघडा पडतो. दशांशांचा प्रकार पडत नाही.

१४२० मेगाहर्ट्झला १ किमी/से. म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ. कुणी ‘१४२०.४’ लिहिलं तर चूक १.२ किमी/से., हॉर्नवाल्याला चालून जाईल. ‘१४२०’ लिहिलं तर चूक ८६ किमी/से. आणि इथे खरी गंमत. आकाशगंगेच्या प्रतलात हायड्रोजनचे वेग असेच काही दशक किमी/से. असतात. म्हणजे उणे ८६ हा आकडा बघून विद्यार्थी खूश होतो, आकाशगंगेचं परिभ्रमण सापडलं म्हणून वहीत लिहून मोकळा होतो. ओळखायची खूण एकच: डिश कुठेही वळवा, सगळीकडे तेवढंच सरकलेलं. खरं परिभ्रमण दिशेप्रमाणे बदलतं.

हायड्रॉक्सिलमध्ये १६६७.४ असं गोळाबेरीज लिहिलं तर ७ किमी/से. ची चूक होते, आणि मेसरच्या (लेसरसारख्या नैसर्गिक रेडिओ स्रोतांच्या) रेषा तर कित्येकदा १ किमी/से. पेक्षाही अरुंद असतात. तिथे चारही दशांश हवेत. हायड्रोजनच्या शेजारीच १४२४.७३ ला एच-१६६-अल्फा ही पुनःसंयोगाची रेषा आहे. दोघींची नावं आखूड करून ‘एच’ आणि ‘एच१६६’ ठेवली आणि प्रोग्रामने नावाची सुरुवातच जुळवून पाहिली, तर ९१३ किमी/से. चा फरक पडतो.

आता वेगाची व्याख्या. रेडिओवाले वारंवारितेतला फरक मूळ वारंवारितेने भागतात, ऑप्टिकलवाले तरंगलांबीतला फरक मूळ तरंगलांबीने. कमी वेगाला दोन्ही सारखेच. ३००० किमी/से. ला फरक ३० किमी/से., ७००० ला १६०. हायड्रोजन रेषेत हे १६० म्हणजे पाऊण मेगाहर्ट्झ. दीर्घिकांच्या याद्या बहुधा ऑप्टिकल पद्धतीच्या, आपला प्रोग्राम बहुधा रेडिओ पद्धतीचा, आणि स्तंभाचं नाव नुसतं ‘वेग’.

आणि चौकट. पृथ्वी सूर्याभोवती ३० किमी/से. वेगाने फिरते, सूर्य शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत २० ने. गोव्याच्या अक्षांशावर पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचे अर्धा किमी/से. सुद्धा नाहीत, ते सोडा. पहिले दोन सोडता येत नाहीत. यासाठी टॉरस ए-ची दिशा चाचणीला उत्तम: ती आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला असल्याने तिथल्या हायड्रोजनचा वेग स्थानिक चौकटीत (शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत) शून्याच्या आसपास येतो. पण पृथ्वी सप्टेंबरच्या मध्यात त्या दिशेने जात असते आणि मार्चच्या मध्यात तिच्यापासून दूर. म्हणून चौकटीची दुरुस्ती होत नसेल तर चवथीच्या दिवसांतला आलेख आणि शिमग्यातला आलेख यांत ६० किमी/से. पर्यंत फरक दिसेल. दिसला तर फाईलमध्ये चौकटीचा स्तंभ आहे का, आणि प्रोग्राम तो खरंच वाचतो का, ते बघा. स्तंभ भरलेला असणं आणि वाचला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

न दिसणारी अक्षरं आणि देवनागरी अंक

हे आपल्याकडचं खास. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असतो, कुणीतरी फाईलमध्ये घाईत एक आकडा दुरुस्त करतं, आणि तो देवनागरीत पडतो. गंमत अशी की पायथॉनचं फ्लोट (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारतं. म्हणजे आपली तपासणीची स्क्रिप्ट पास! तीच फाईल सी भाषेतल्या नियंत्रण-प्रोग्रामकडे गेली की तिथलं तेच काम करणारं एटीओएफ त्याच आकड्याला शून्य म्हणतं. रेस्ट फ्रिक्वेन्सी (रेषेची मूळ वारंवारिता) शून्य. म्हणून तपासणी ‘आकडा वाचता आला का’ एवढीच नको, ‘ॲस्कीबाहेरचं एकही अक्षर आहे का’ ही हवी. एका ओळीचं काम आहे, आणि छापील डॅशही त्यातच पकडला जातो, न तुटणारी मोकळी जागाही.

एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलं की फाईलच्या तोंडाशी बॉम नावाचे तीन अदृश्य बाइट बसतात, त्यामुळे पहिल्या स्तंभाचं नाव किंवा पहिला स्रोत ओळखला जात नाही. विंडोजवरून लिनक्सवर आणलेल्या फाईलमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर उरतं आणि शेवटच्या स्तंभाला चिकटतं. डॉस-टू-युनिक्स चालवा, पुढे चला.

फाईल निर्दोष निघाली तर

दुर्बिणीच्या जागेची नोंद बघा. गोवा पूर्व रेखांश ७३.८. काही जुने प्रोग्राम पश्चिम रेखांश अधिक धरतात. चिन्ह उलटलं तर नाक्षत्र वेळ (ताऱ्यांवरून मोजलेली स्थानिक वेळ) ९ तास ५० मिनिटांनी चुकते आणि माथ्यावरचा स्रोत ‘अजून उगवला नाही’ म्हणून सांगितलं जातं. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं असेल तर प्रोग्रामला ते माहीत हवं. ती वेळ ८२.५ अंशांची, आपली स्थानिक वेळ तिच्या ३५ मिनिटं मागे.

आणि मग माड. गावातल्या घराच्या गच्चीवरून तीसेक अंशांखाली बहुतेक दिशांना झावळ्या आड येतात, त्यांच्या ऊबेचा गोंगाट रेषेला गिळतो. वाळपईकडे असाल तर पूर्वेला सह्याद्रीचं क्षितिजच वर आलेलं असतं. कॅटलॉगमध्ये यावर उपाय नाही, पण प्रत्येक दिशेची किमान उंची वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवली तर प्रोग्राम स्रोत नाकारताना कारण तरी सांगेल.

निरीक्षणाआधी मी एकच छापील तक्ता मागतो: प्रत्येक स्रोताची मध्यमंडलावरची उंची आणि त्या रात्रीची अपेक्षित वारंवारिता, प्रोग्रामने फाईल वाचून स्वतः काढलेली. उंची हाताने पडताळता येते, नव्वदातून अक्षांश आणि क्रांती यांतला फरक वजा. कॅस ए सत्तेचाळीसच्या जरा खाली, टॉरस ए साडेत्र्याऐंशी, ओरायन ए एकोणसत्तर. यातला एखादा आकडा खटकला तर डिश चालूच करू नका.

मदत मागताना मूळ फाईल जोडा. स्क्रीनशॉटमध्ये लांब डॅश आणि साधं उणे सारखेच दिसतात, आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये ओळी चिकटवल्या तर जोडीने आलेली तारांकनं (*) आणि अंडरस्कोर ठळक-तिरप्या अक्षरांत विरघळून जातात. फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सोबत प्रोग्रामची आवृत्ती, निरीक्षणाची तारीख-वेळ, आणि नीट दिसलेल्या एका स्रोताचा आलेख. नुसता न दिसलेल्याचा आलेख पाठवला तर मी नीट दिसलेल्याचा मागणारच आहे.